मागील मालकाचं नाव

बंदुकीची नोंदणी दहा मिनिटांत होते, असं मला जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं होतं. मला सत्तावीस दिवस लागले. तेवढ्यात पाण्याची टाकी फुटली, शेजाऱ्यानं बोलणं टाकलं आणि सासरे पोलीस स्टेशनात जाऊन आले. आता कुणी मला 'दहा मिनिटांचं काम आहे' असं म्हटलं की मी आधी खुर्ची ओढून बसून घेतो.

माझ्यासारख्या माणसाकडे बंदूक कशाला, हा प्रश्न आमच्याकडे जेवायला येणारा प्रत्येक मराठी माणूस विचारतो. उत्तर एका शब्दाचं आहे: मेथी. पामर्स्टन नॉर्थपासून वीस मिनिटांवर, ॲशहर्स्टच्या अलीकडे आमची दोन एकर जागा आहे. तिथे मी मेथी लावतो आणि ससे ती खातात. जाळी लावली, ते खालून आले. तिखट फवारलं, तर तिखट लावलेली मेथी त्यांना जास्त रुचली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ते कुटुंबकबिल्यासह आले. शेवटी रीतसर कोर्स करून, परीक्षा देऊन मी बंदुकीचं लायसन्स काढलं. त्यासाठी बायकोचीही मुलाखत घेतात. 'नवरा रागावला की काय करतो?' या प्रश्नाला कांचननं 'भांडी घासतो' असं उत्तर दिलं. ते खरं असलं तरी परक्या माणसाला सांगायची काही गरज नव्हती.

बंदूक मिळाली ती कुंपणापलीकडच्या बेव्हनकडून. बेव्हन बहात्तर वर्षांचा, आयुष्यभर मेंढ्या पाळलेला आणि आता एकटा राहणारा. 'मोरेश्वर' हे नाव त्यानं पहिल्याच दिवशी सोडून दिलं आणि माझा 'मो' केला. त्यानं स्वतःची जुनी पॉइंट टू-टू मला विकली, नेम धरायला शिकवलं आणि सांगितलं, "श्वास सोड, मग चाप ओढ. ससा कुठे पळून जात नाही." ससा दर वेळी पळून गेला, पण तो भाग निराळा.

इथे आता कायदा असा, की बंदूक एकाकडून दुसऱ्याकडे गेली की तीस दिवसांत तिची नोंद करायची. मी नियम पाळणारा माणूस आहे. रस्त्यावर चिटपाखरू नसताना मी सिग्नलला थांबतो. तेव्हा पहिल्याच रविवारी चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसलो. नाव, पत्ता, लायसन्स नंबर सगळं झरझर भरलं. मग फॉर्मनं बंदुकीचा नंबर विचारला.

नंबर दुर्बिणीखाली दडला होता. म्हणजे बंदुकीवर जी नेम धरायची दुर्बीण बसवलेली असते, तिची पट्टी नेमकी नंबरावरून गेली होती. चार स्क्रू काढले, नंबर लिहून घेतला, चार स्क्रू परत बसवले. मी आयटीतला माणूस आहे. उघडलेली वस्तू परत बंद झाली आणि सामान उरलं नाही, तर काम फत्ते, अशी आमच्या धंद्यातली समजूत आहे. संध्याकाळी मेथीत ससा दिसला. मी श्वास सोडला, चाप ओढला. ससा जागेवरून हलला नाही. त्याच्यापासून बऱ्याच उजवीकडे असलेल्या आमच्या पावसाच्या पाण्याच्या टाकीतून मात्र पाण्याची एक बारीक, सुबक धार बाहेर आली.

"बाबा, डिड यू जस्ट शूट द टँक?" सिद्धीनं खिडकीतून विचारलं. ती चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं.

"नेम जरा हलला," मी म्हणालो.

"हीप्स," ती म्हणाली, म्हणजे 'पुष्कळच', आणि फोटो काढू लागली.

इथे नळाला गावाचं पाणी नसतं. टाकी म्हणजेच पाणी. मी भोकावर अंगठा धरून उभा राहिलो आणि कांचननं बेव्हनला हाक मारली. तो जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, घालूनच आला, भोक पाहिलं, परत गेला, रबराचा तुकडा, बोल्ट आणि वायसर घेऊन आला आणि पंधरा मिनिटांत टाकी बुजवली. हसला नाही. ते उपकार मी विसरणार नाही. मग त्यानं बंदुकीकडे पाहिलं आणि विचारलं, "दुर्बीण कशाला काढली होतीस?"

"नंबर हवा होता. नोंदणीसाठी," मी म्हणालो. "आता एकच रकाना उरलाय. मागील मालकाचं नाव."

बेव्हनचा चेहरा उतरला. तो टाकीला टेकून उभा राहिला.

"तो कोराच ठेव, मो," तो म्हणाला.

आता ही गोष्ट मला नीट सांगितली पाहिजे. मी कोरा रकाना ठेवू शकत नाही. हॉटेलातल्या अभिप्रायाच्या कार्डावर जन्मतारीख विचारली तरी मी भरतो. आमच्या घरात अर्जातला कोरा रकाना हा चारित्र्यावरचा डाग समजला जाई. जिथे काहीच लागू नाही तिथे वडील 'लागू नाही' असं लिहून खाली सही करत. आणि इथे तर लागू होतं. मालक माझ्यासमोर उभा होता.

बेव्हननं मग मला त्याच्या घरी नेलं आणि लोखंडी कपाट उघडून दाखवलं. आत सात बंदुका होत्या. त्याचं नाव माझ्या फॉर्मवर आलं की त्याची विक्री उघड होणार, आणि मग कायद्यानं त्याला या सातही नोंदवाव्या लागणार. सहांचं त्याला काही वाटत नव्हतं. सातवी कोपऱ्यात होती. थ्री-नॉट-थ्री, लाकूड हात लागून लागून काळं झालेलं. त्याच्या वडिलांची. ते याच बंदुकीवर डोंगरात हरणं मारत हिंडले आणि त्यावर घर चाललं.

"यादीत एकदा आली की त्यांना ठाऊक होतं कुठल्या घरी कुठली आहे," तो म्हणाला. "आज यादी, उद्या गाडी."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. माझी एक गेलीय." क्राइस्टचर्चच्या मशिदींत तो भयंकर गोळीबार झाला, त्यानंतर कायदा बदलला आणि बेव्हनची एक सेमी-ऑटोमॅटिक सरकारनं परत घेतली. मोबदला दिला, सभ्यपणे दिला. "तसल्या बंदुका जायलाच हव्या होत्या, मी ब्र काढला नाही. स्वतः नेऊन दिली. पण ती रेलीननं मला पन्नासाव्या वाढदिवसाला दिली होती." रेलीन म्हणजे त्याची बायको. कायदा बदलला त्याच वर्षी ती गेली. "ही मात्र मी देणार नाही."

मी 'बघतो' म्हणालो. हा शब्द मी सोबत भारतातून आणला आहे आणि तो इथेही चालतो.

दर गुरुवारी बेव्हनच्या गॅरेजमध्ये चार-पाच बंदूकवाले जमतात. बिअर पितात आणि सरकार काय काय नेणार आहे याची चर्चा करतात. त्या गुरुवारी मला खास बोलावणं आलं. एकानं सांगितलं, रकान्यात मेलेल्या माणसाचं नाव टाक. दुसरा म्हणाला, बंदूक नदीत पडली असं कळव. तिसऱ्यानं यादीची सगळी माहिती एका दिवशी चोरीला जाईल आणि चोर पत्ते बघत बघत घरी येतील असं इतक्या तपशिलात समजावलं की मी घरी येऊन दाराला कडी घातली. सगळे प्रेमानं बोलत होते. मी एकटाच लिंबू सरबत पीत होतो आणि मला प्रत्येकाचं पटत होतं, हेच माझं दुर्दैव.

मग मी आपल्या माणसांचा सल्ला घेतला, ही दुसरी चूक. जॉन्सनव्हिलचा माझा मित्र हरीश फोनवर ओरडलाच, "अरे, सिटिझनशिपचा अर्ज पडलाय ना तुझा? आणि तू बंदुकीच्या भानगडीत? लगेच नोंदव! शेजारी काय, घर बदललं की बदलतो!" कांचनच्या हॉस्पिटलातली फार्मासिस्ट संपदा म्हणाली, मेथी इंडियन स्टोअरमध्ये मिळते. हे ऐकून मी जो फोन ठेवला तो तिला पुन्हा केला नाही. कांचन रात्रपाळीहून आली होती. ती म्हणाली, "त्यानं तुझी टाकी बुजवली, त्याला अडचणीत आणू नकोस. आणि नोंदणी वेळेत कर."

"दोन्ही कसं करू?"

"ते तू बघ. मी झोपते."

असे एकोणीस दिवस गेले. आणि मग या प्रकरणात आबा शिरले.

आबा म्हणजे माझे सासरे, धैर्यशीलराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कराडकडचे. सासूबाई गेल्यापासून घरी एकटेच होते, म्हणून कांचननं त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं होतं. आल्यापासून त्यांना करमत नव्हतं. रस्त्यावर माणूस दिसत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. बेव्हनकडे बंदुका आहेत हे कळलं तेव्हा त्यांच्या अंगात एकदम जीव आला. त्यांच्याकडे गावी स्वतःची बारा बोअर होती, लायसन्सची. ते काठी घेऊन कुंपणातल्या फाटकातून पलीकडे गेले आणि तीन तास आले नाहीत.

आबांचं इंग्रजी सरकारी आहे. 'काइंडली' आणि 'ॲज पर' याशिवाय वाक्य होत नाही. बेव्हनचं इंग्रजी मलाही निम्मंच कळतं. पण त्या दोघांचं जमलं. आबांनी सातही बंदुका पाहिल्या, थ्री-नॉट-थ्री पाहून तर "ही आमच्याकडं फक्त पोलिसांच्या हातात बघितली हो!" म्हणाले. बेव्हन त्यांना 'चीफ' म्हणू लागला आणि आबा त्याला 'बेव्हनराव'.

मला वाटलं, देव पावला. एक जाणता, वयानं वडील, लायसन्सवाला माणूस बेव्हनला समजावेल, की बाबा रे, आमची बंदूक पन्नास वर्षं सरकारदरबारी नोंदलेली आहे, काही होत नाही. मी स्वतः आबांना हे बोलायची विनंती केली. ते गेले. मीही बरोबर गेलो, कारण मला हा क्षण पाहायचा होता.

"बेव्हनराव, माय गन इज ड्यूली रजिस्टर्ड," आबांनी सुरुवात केली. "सिन्स माय फादर. नो प्रॉब्लेम."

बेव्हननं मान डोलावली. मी मनात टाळी वाजवली.

"ओन्ली ड्युरिंग इलेक्शन," आबा पुढे म्हणाले, "पोलीस टेक्स इट."

बेव्हननं कप खाली ठेवला. "काय करतात?"

आबांनी ठसक्यात समजावून सांगितलं. निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, की ज्यांची ज्यांची नोंद आहे त्यांना निरोप येतो. बंदूक ठाण्यात जमा करायची. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. काही काही वर्षी बंदूक घरात कमी आणि ठाण्यात जास्त. "नाव लिस्टमध्ये असतं ना, सुटका नाही," असं म्हणून ते हसले. त्यांना ही व्यवस्थेची स्तुती वाटत होती.

मी मधे पडलो. म्हटलं, बेव्हन, तो वेगळा देश, इथे असलं काही नसतं. पण बेव्हन माझं ऐकतच नव्हता. खिडकीबाहेर रस्त्याकडेच्या कुंपणावर उमेदवारांचे हसरे फलक लागले होते. इथली निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. गुरुवारच्या मंडळींना इतकी वर्षं जो पुरावा मिळत नव्हता तो माझ्या सासऱ्यांनी चहा पिता पिता पुरवला. त्या गुरुवारी आबा गॅरेजमध्ये प्रमुख पाहुणे होते. मला बोलावणं नव्हतं.

इथवर मी वैतागलेला होतो. पुढे जे झालं त्याला वैताग हा शब्द पुरत नाही.

सव्विसाव्या दिवशी सकाळी कांचननं ड्यूटीवर जाता जाता आबांना गावातल्या लायब्ररीत सोडलं. आबा तिथे मराठी पुस्तक नाही हे पाहून बाहेर पडले. त्यांच्या डोक्यात काही दिवसांपासून एक काळजी होती. निवडणूक तोंडावर आली, जावयाची बंदूक घरात, बेव्हनरावांच्या सात घरात, आणि जमा करायचं कुणी नावच काढत नाही. उद्या पोलीस दारात आले तर जावयाच्या सिटिझनशिपचं काय? माणूस जबाबदार. विचारत विचारत ते पोलीस स्टेशनात गेले.

दुपारी मला ऑफिसात फोन आला. "किया ओरा, मोरेश्वर?" इथला माओरी नमस्कार, आणि एका बाईचा अगदी शांत आवाज. "मी अनाहेरा. बंदुकांच्या नोंदणीचं काम बघते. तुमचे सासरे इथे बसलेत. त्यांना आठ बंदुका जमा करायच्या आहेत."

मी खुर्चीत होतो म्हणून बरं.

"त्यांच्याजवळ बंदूक नाहीये," ती म्हणाली, "पण यादी आहे. फार व्यवस्थित यादी आहे. एक तुमच्याकडे, बेव्हन नावाच्या शेजाऱ्याकडून घेतलेली, नोंद बाकी. सात त्या शेजाऱ्याकडे, प्रत्येकीचं वर्णन केलंय. निवडणुकीपर्यंत ठेवून घ्या आणि पावती द्या म्हणतायत. मी त्यांना चहा दिलाय."

"ते... आमच्याकडे तशी पद्धत असते," मी म्हणालो.

"हो, सांगितलं त्यांनी. छान वाटलं ऐकून. तुमचे तीस दिवस संपत आलेत ना? मी उद्या दुपारी येते. दोन्ही घरी."

आबांना आणायला गेलो तर ते पोलीस स्टेशनच्या पायरीवर प्रसन्न मुद्रेनं उभे होते. "काय माणसं आहेत हो जावईबापू!" ते म्हणाले. "आमच्याकडं असा चहा कधी कुणी विचारला नाही. पण ठेवून घेत नाहीत म्हणतात. नियम नाही म्हणे."

"आबा, तुम्ही बेव्हनचं नाव दिलंत?"

"द्यायलाच पाहिजे! त्यांचा निरोप कोण घेऊन जाणार? एकटा माणूस."

गाडीत मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. रकाना, सातवी बंदूक, बेव्हनची भीती. आबा ऐकत गेले. घर येईपर्यंत त्यांचा चेहरा पार पडला होता. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, आणि ओरडता येत नव्हतं, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

बेव्हनला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. "तू मला डॉब केलंस, मो," तो म्हणाला. इथे चुगलीला डॉब म्हणतात, आणि माणसाचं याहून वाईट कर्म नाही. मी सांगू लागलो की मी नाही, आबांनी, तेही चांगल्या हेतूनं, पण स्वतःवरचा दोष सासऱ्यावर ढकलणारा माणूस कसा दिसतो हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं आणि मी गप्प बसलो. त्यानं आमच्या दोन घरांमधल्या फाटकाला साखळी घातली. सात वर्षांत त्या फाटकाला साखळी असते हे मला माहीत नव्हतं. मी घरी आलो आणि सगळी भांडी घासली. स्वच्छ होती तीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दिसेनात. शोधलं तर ते बेव्हनच्या पायरीवर बसले होते. साखळीच्या फाटकावरून सत्तरी उलटलेला माणूस चढून कसा गेला हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. शेजारी शंकरपाळ्यांचा डबा होता. दार बंद. तासाभरानं दार उघडलं.

आबांनी काय सांगितलं ते मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. "म्हटलं, मिस्टेक इज माइन. जावयाचा संबंध नाही. आणि म्हटलं, ती बाई येईल तेव्हा मी तुमच्या शेजारी बसतो. नेली तर माझ्यासमोर नेईल. मी आडवा पडतो."

दुपारी अनाहेरा आली. साधी निळी गाडी, हातात टॅबलेट. तिनं आधी माझं उरकलं. मागील मालकाचं नाव तिनं स्वतःच भरलं, मला विचारलंही नाही. टाकीवरचा बोल्ट पाहून "हे काय?" म्हणाली. मी खरं ते सांगितलं. तिनं काही लिहून घेतलं नाही, फक्त म्हणाली की दुर्बीण परत बसवल्यावर नेम तपासून घेतात, आणि क्लबात ते फुकट शिकवतात. दहा मिनिटांत माझं काम झालं. अगदी घड्याळ लावून दहा मिनिटांत.

मग आम्ही बेव्हनकडे गेलो. मला आत यायला कुणी सांगितलं नाही आणि कुणी अडवलंही नाही, म्हणून मी दाराजवळ उभा राहिलो. आबा बेव्हनच्या शेजारी खुर्चीवर ताठ बसले होते, मांडीवर प्लॅस्टिकची एक जाडजूड फाइल घेऊन. अनाहेरानं एकेक बंदूक पाहिली, नंबर वाचला, नोंदवला. सहा झाल्या. सातवीवर बेव्हननं हात ठेवला आणि काढेना.

"ही नेणार तुम्ही?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "ही तुमच्या कपाटातच राहणार. मला फक्त नंबर हवाय."

"आज नाही. पण उद्या?"

"उद्याचा कायदा मी करत नाही, बेव्हन. आजचं सांगते. आज मी इथून काही घेऊन जाणार नाहीये."

तिनं टॅबलेट खाली ठेवला. मग त्यानं हात काढला. तिनं बंदूक खिडकीशी नेऊन नंबर वाचला, त्याच्या हातात परत दिली, शंकरपाळे खाल्ले आणि गेली. बेव्हन फाटकापर्यंत तिच्या मागे गेला. तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर काही नाही हे त्यानं वाकून पाहिलं. मीही पाहिलं.

परत आल्यावर त्यानं मला 'बस' म्हटलं. एवढंच. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच बसलो. बिअर आली, मला सरबत आलं. आबांना आता जोर चढला. त्यांनी फाइल उघडली. परदेशी येताना लोक लोणची आणतात, आबांनी आयुष्यभराच्या पावत्या आणल्या होत्या. प्रत्येक निवडणुकीला बंदूक जमा केल्याची पिवळी पावती आणि तिला टाचलेली परत मिळाल्याची पांढरी.

"सी, बेव्हनराव! एव्हरी टाइम रिटर्न्ड!"

बेव्हन चष्मा लावून एकेक पान उलटू लागला. लिपी त्याला वाचता येत नव्हती, पण रंग कळत होते. पिवळी, पांढरी. पिवळी, पांढरी. शेवटच्या पानावर तो थांबला.

"चीफ, हिची पांढरी कुठाय?"

आबांनी फाइल ओढून घ्यायला हात पुढे केला, आणि मग तसाच खाली घेतला.

"ती यायचीय," ते मराठीतच म्हणाले. मी भाषांतर केलं.

"कधीपासून?"

ते आबांनी मलाच सांगितलं, बेव्हनकडे न बघता. दोन वर्षं झाली. निवडणूक संपल्यावर आणायला गेले तर साहेब बदललेले. पुन्हा गेले तर रजिस्टर सापडेना. चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला निघणार तर सासूबाईंना दवाखान्यात हलवावं लागलं. "त्यानंतर मी गेलोच नाही. कुणासाठी जाऊ? ती गेली, घरात मी एकटा, राखण कुणाची करायची?" त्यांचा आवाज फुटला. "पण वडिलांची होती हो ती. कांचनला सांगू नका. तिला वाटतं, घरी कपाटात आहे."

मी बेव्हनला सांगितलं. मला वाटलं, आता हा साखळी पुन्हा घालणार. सगळं खरं ठरलं की त्याचं. यादीत नाव, आणि बंदूक गेलेली. माझ्या सत्तावीस दिवसांवर पाणी पडलं होतं, आणि मघाशीच त्यानं आपल्या सातही नोंदवल्या होत्या.

बेव्हन उठला, भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. साडेसहा वाजले होते. "तिकडे किती वाजलेत?"

"सकाळचे अकरा."

"ऑफिस उघडं असेल?"

"असेल."

त्यानं पिवळी पावती माझ्यासमोर टेबलावर सपाट केली आणि फोन माझ्याकडे सरकवला. "लाव."

मी कधीही कुठल्या ठाण्यात फोन केलेला नव्हता. पावतीवरचा ठाण्याचा नंबर तिसऱ्या प्रयत्नाला लागला. पलीकडच्या माणसाला मी नाव, गाव, जमा केल्याची तारीख सांगितली. बंदुकीचा नंबर पावतीवर पुसट झाला होता, तो आबांनी न बघता, पाठ म्हणून दाखवला. पलीकडून आधी 'साहेब बाहेर गेलेत' आलं, मग 'नंतर करा' आलं. मी बेव्हनला तसं सांगितलं. त्यानं मान हलवली. मी फोनमध्ये म्हणालो, "आम्ही न्यूझीलंडहून बोलतोय, थांबतो." मग तो माणूस म्हणाला, जुनं रजिस्टर माळ्यावर आहे, काढावं लागेल, वेळ लागेल.

"काय म्हणतो?" बेव्हननं विचारलं.

"म्हणतो, रजिस्टर शोधावं लागेल."

"त्यात चीफची नोंद आहे ना?"

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी जोरात मान डोलावली. "माझ्यासमोर लिहिलीय," ते म्हणाले. "सही आहे माझी."

"आहे," मी म्हणालो.

"मग शोध म्हणावं," बेव्हन म्हणाला आणि आबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.